तेरा आठवडे, दर आठवड्याला एक तास: अवॉर्ड लीडर मंडळींना खुले पत्र

सर्व अवॉर्ड लीडर, समन्वयक आणि शाळा-महाविद्यालयांतील प्रभारी शिक्षक यांस,

स.न.वि.वि.

१४ ते २४ वयाच्या मुलांसाठी असलेल्या ड्यूक ऑफ एडिनबरा आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या स्वयंसेवा विभागासाठी मुले जे उपक्रम निवडतात, त्यांतले बरेचसे एकाच साच्यातले असतात. एका सुट्टीच्या दिवशी स्वच्छता मोहीम, वृक्षारोपण, जनजागृती फेरी, नाहीतर जुन्या वस्तूंचे संकलन. बॅनर, टोप्या, सामूहिक फोटो. दोष मुलांचा नाही. त्यांच्यापुढे जी यादी ठेवली जाते त्यातूनच ती निवडतात, आणि ती यादी त्यांना मार्गदर्शन करणारे तुम्ही, अवॉर्ड लीडर, ठरवता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

नियम तुम्हाला पाठ असतील, तरी एकदा उजळणी करू. पातळ्या तीन: ब्राँझ १४व्या वर्षापासून, सिल्व्हर १५व्या, गोल्ड १६व्या. सगळे वयाची २५ पूर्ण होण्याआधी. स्वयंसेवा, कौशल्य आणि शारीरिक उपक्रम या तिन्ही विभागांना ब्राँझसाठी किमान ३ महिने आणि त्यांपैकी एकाला आणखी ३, सिल्व्हरसाठी ६, गोल्डसाठी १२. आधीची पातळी न करता थेट सिल्व्हर किंवा गोल्डला येणाऱ्याला एका विभागात आणखी ६ महिने. सरासरी आठवड्याला किमान एक तास. काही देशांत तपशील थोडे वेगळे आहेत, पण गाभा हाच. १९५६ साली प्रिन्स फिलिप यांनी शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या विचारांवरून ही योजना सुरू केली, तेव्हापासून भर आहे तो नियमितपणावर. तीन महिने म्हणजे १३ आठवडे. एका दिवसात १३ तास राबून ते भरत नाहीत. तरीही ‘दोन दिवसांचे शिबिर, १४ तास’ अशा नोंदी मंजूर होतात.

उपक्रमाला हो म्हणण्याआधी मुलाला तीन प्रश्न विचारा, एवढीच आमची मागणी आहे. एका आठवड्यात तू गेला नाहीस तर कोणाचे काय अडेल? एका तासात नेमके काय करून उठशील? ते काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा माणूस कोण? पहिल्याला उत्तर नसेल तर ती सेवा नाही. दुसऱ्याला नसेल तर पाचव्या आठवड्यात कंटाळा ठरलेला. तिसऱ्याला नसेल तर शेवटी अहवाल लिहायला कोणी सापडणार नाही.

वृक्षारोपणच घ्या. रोप लावायला दहा मिनिटे लागतात आणि तिथे हौशी हातांची टंचाई कधीच नसते. टंचाई असते पुढच्या दोन-तीन वर्षांत. रोपे मरतात ती पाणी न मिळाल्याने, तणाखाली दबून, गुरांनी खाऊन, गवत कापण्याच्या यंत्राने बुंध्याची साल सोलून निघाल्याने. म्हणून ‘रोपे लावणे’ खोडा आणि ‘आधी लावलेली दहा रोपे १३ आठवडे सांभाळणे’ असे लिहा. दोन मुलांना दहा रोपे पुरतात. प्रत्येकाला १५ लिटर म्हणजे एका फेरीला १५० लिटर, दहा लिटरच्या पंधरा बादल्या. त्याहून जास्त रोपे घेतली की पाणी भसाभस ओतले जाते, आळ्यातून वाहून जाते आणि मुळांपर्यंत काही पोहोचत नाही.

क्रमही शिकवावा लागतो. आधी बोट पाच सेंटिमीटर मातीत घालून बघायचे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. रोज पाणी देणारा उत्साही मुलगा मुळे कुजवून रोप मारतो, आणि पाने पिवळी पडलेली पाहून आणखी पाणी घालतो. मग बुंध्याभोवती अर्ध्या मीटरपर्यंतचे तण हाताने उपटायचे. कुदळीने वरवरची मुळे तुटतात. त्यावर वाळलेल्या पाल्याचे पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन, पण बुंध्यापासून वीतभर लांब. पाल्याचा ढीग बुंध्याला टेकवून ठेवला तर साल ओली राहून सडते; ही चूक बागकामातली जाणती माणसेही करतात. शेवटी आधाराच्या काठीची दोरी. खोड जाड होते, दोरी होत नाही. महिन्यातून एकदा ती सैल करायची, खोड आणि काठी यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा ठेवायचा. क्रमांकाची पट्टी काठीला बांधायची, खोडाला खिळा ठोकून नाही. वहीत चार रकाने पुरे: क्रमांक, जिवंत की मेलेले, पाणी दिले की नाही, काय बदल दिसला. तेराव्या आठवड्यात दहापैकी सात जगली असतील तर तीन का गेली हे मुलाला सांगता यावे. तेवढे सांगता आले तर अहवालात दुसरे काही नसले तरी चालेल.

दुसरे काम ग्रंथालयातले. मुले ग्रंथालयात सेवेला जातात तेव्हा त्यांना बहुधा पुस्तके लावायला सांगतात. ते वाईट नाही, पण दोन आठवड्यांत शिकून संपते. पुस्तक दुरुस्ती १३ आठवडे पुरून उरते, आणि तिला लागते ते फारसे काही नाही: पांढरा पीव्हीए गोंद, अर्ध्या इंचाचा ब्रश, मेणकागद, विणकामाची एक लांब बारीक सुई, पट्टी, कटर, सुती फडके, आणि वजनाला विटा किंवा जाडजूड शब्दकोश. चिकटपट्टी मात्र खोलीतच नसावी. तिचा चिकटा काही वर्षांत पिवळा पडतो, कडेने पाझरून शेजारच्या पानाला लागतो, आणि कागद पुढच्या वेळी पट्टीच्या कडेलाच फाटतो. ग्रंथपाल मंडळी जुन्या चिकटपट्टीला जेवढ्या शिव्या घालतात तेवढ्या वाळवीलाही घालत नसतील.

सुरुवात ग्रंथपालासोबत वर्गवारीने: इथे दुरुस्त होण्याजोगी, बांधणीला पाठवायची, रद्द करायची. शेवटचा निर्णय ग्रंथपालाचा, मुलाने तो घ्यायचा नाही. बुरशी लागलेली पुस्तके हात न लावता बाजूला. दुर्मीळ, जुनी आणि कातडी बांधणीची पुस्तकेही नकोत. पहिले दोन आठवडे रद्द केलेल्या पुस्तकांवरच सराव.

सुटे पान बसवताना आधी त्याची आतली कड मिलिमीटर-दीड मिलिमीटर कापायची, नाहीतर चिकटवल्यावर ते बाकीच्या पानांच्या बाहेर डोकावते आणि तिथूनच चुरगळत जाते. मग पानावर रद्दी कागद ठेवून आतली फक्त तीन मिलिमीटर कड उघडी ठेवायची, त्या कडेवर गोंदाचा पातळ हात फिरवायचा, पान खाचेत सरळ बसवायचे, दोन्ही बाजूंना मेणकागद घालायचा, पुस्तक मिटून रात्रभर वजनाखाली. पुढच्या आठवड्यापर्यंत दाबाखाली राहिले तरी बिघडत नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मुलाला हे काम सोयीचे पडते त्याचे हेही एक कारण. नेहमीची चूक एकच: गोंद जास्त. मग शेजारची चार पाने कायमची जोडली जातात.

पुठ्ठा ढिला होऊन आतला गठ्ठा हलायला लागला असेल तर सुई कामाला येते. पुस्तक उभे धरून पुठ्ठा किंचित उघडला की कण्याजवळ पोकळी दिसते. गोंदात बुडवलेली सुई तिच्यात वरून घालायची, गोल फिरवत खोबणीला गोंद लावायचा, मग खालच्या बाजूने तेच. पुस्तक मिटायचे, बाहेरच्या खोबणीत सुई दाबून रेघ बसवायची, वरून वजन. दोन मुलांच्या हातून सुरुवातीला तासाला चार-पाच पुस्तके होतात आणि हात बसला की जास्त. दुरुस्त झालेले पुस्तक पुन्हा वाचकाच्या हाती गेलेले मुलाला दिसते, हे या कामाचे खरे सुख.

वृद्धांना मोबाइल शिकवणे हा उपक्रम हल्ली लोकप्रिय आहे आणि तितकाच वाया जाणारा. गंमत अशी की मूल जितके हुशार तितके ते वाईट शिकवते. आजींच्या हातातून फोन घेते, चार वेळा बोट फिरवते, ‘झालं बघा’ म्हणून परत देते. आजींना काही कळलेले नसते. नियम असा करा की फोन पूर्ण वेळ त्यांच्याच हातात राहील आणि मुलाची बोटे पडद्याला लागणार नाहीत. एका बैठकीत एकच गोष्ट: आज अक्षरे मोठी करणे, पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉल उचलणे, त्याच्या पुढच्या आठवड्यात नवे काही नाही, फक्त आधीच्या दोन्हींची उजळणी. पायऱ्या कागदावर ठळक अक्षरांत, एका ओळीत एक कृती, त्यांच्या फोनवर जे शब्द दिसतात त्याच शब्दांत. दर वेळी तेच मूल, त्याच माणसाकडे. दर आठवड्याला नवा चेहरा पाठवणे म्हणजे दर आठवड्याला पहिला धडा.

पासवर्ड, ओटीपी, बँकेचे व्यवहार यांना मुलांनी हात लावायचा नाही, आग्रह झाला तरी नाही. हे पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना सांगून ठेवा. उद्या पैशांचा काही घोटाळा झाला तर संशय आधी त्या मुलावर जाईल. मुले जोडीने जावीत, बैठक सामाईक दालनात व्हावी, संस्थेचे कोणी नजरेच्या टप्प्यात असावे, आणि फोटो संमतीशिवाय नाहीत. खरे तर फोटो नसलेच तर फार बरे.

ज्यांना घराबाहेर पडणे अवघड आहे, परीक्षेचे वर्ष आहे किंवा तब्येतीची अडचण आहे, त्यांना ‘ऑनलाइन जनजागृती’ नावाची पळवाट दिली जाते. पोस्टर बनवून समाजमाध्यमावर टाकणे हे आम्ही सेवेत धरू नये असे म्हणू. घरबसल्या खरी कामे आहेत. लिब्रिव्हॉक्स ही २००५ साली सुरू झालेली संस्था कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांची ध्वनिमुद्रणे स्वयंसेवकांकडून करून घेते आणि सर्वांसाठी मोफत खुली ठेवते. तिला फाइल लागते एमपी३, १२८ केबीपीएस, ४४.१ किलोहर्ट्झ, मोनो. माइक तोंडापासून वीतभर लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’चा फटका बसत नाही. पंखा बंद. खोलीत कपड्यांचे कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून वाचले तर घुमारा कमी होतो. नवख्याला एका तासाच्या तयार ध्वनिमुद्रणामागे दोन-तीन तास जातात, म्हणून १३ तासांत चार ते साडेसहा तासांपेक्षा जास्त तयार होणार नाही; उद्दिष्ट ठरवताना हे लक्षात घ्या. ज्याला वाचायचा संकोच आहे त्याने दुसऱ्याचे वाचन पुस्तक समोर ठेवून ऐकावे आणि चुका मिनिट-सेकंदासह कळवाव्यात. तेही तितकेच गरजेचे काम.

अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक वाचायचे असेल तर मात्र ते या क्षेत्रातल्या संस्थेमार्फतच करा. पुस्तकावर कॉपीराइट असते. २०१३च्या माराकेश कराराने दृष्टिबाधितांसाठी जी सवलत दिली आहे ती प्रामुख्याने अधिकृत संस्थांना आणि खुद्द लाभार्थींना आहे, कोणीही उठून रेकॉर्डिंग वाटावे अशी नाही. आणि तिथे पान क्रमांक बोलून सांगावा लागतो, आकृतीचे वर्णन करावे लागते. ‘आकृती पाहा’ असे वाचून पुढे जाणाऱ्या मुलाला संस्थेने परत पाठवले तर तक्रार करू नका.

नकाशाचे कामही उत्तम. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, कोणालाही वापरता येणारा नकाशा. २०१०च्या हैतीच्या भूकंपात जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रह-चित्रांवरून रस्ते आणि इमारती काढून दिल्या आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला. आजही आपत्तीप्रवण भागांचे चौकोन पाडून कामे वाटली जातात आणि एकाचे काम दुसरा अनुभवी माणूस तपासतो. नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या: इमारतीऐवजी तिची सावली काढणे, चित्र तिरपे असताना पायाऐवजी छत काढणे, शेजारची चार घरे एकाच आकारात कोंबणे, घराचा कोपरा रस्त्याला जोडून ठेवणे. आणि एक गंभीर चूक: दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नावे उतरवणे. परवान्यात ते बसत नाही आणि सगळे काम पुसले जाते. या उपक्रमाचा तुम्हालाही फायदा आहे. प्रत्येक संपादनाची तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात बसून १३ आठवडे ‘केल्याचे’ दाखवता येत नाही.

विभागांची गल्लत हा वेगळाच विषय. पोहायला शिकणे हा शारीरिक उपक्रम, जीवरक्षणाचे नियम आणि प्रथमोपचार शिकणे हे कौशल्य, लहान मुलांच्या पोहण्याच्या वर्गात विनामोबदला मदत करणे ही सेवा. तिन्ही पाण्याभोवतीच, आणि तसे चालते. पण एकच तास दोन विभागांत धरता येत नाही. नफा कमावणाऱ्या दुकानात फुकट राबणे ही सेवा नाही. घरच्यांना मदत करणे चांगले असले तरी इथे धरत नाहीत.

शारीरिक उपक्रमाबद्दल एवढेच: ‘रोज चालणे’ असे उद्दिष्ट लिहू देऊ नका. पहिल्या, सातव्या आणि तेराव्या आठवड्यात एकच चाचणी घ्या. १२ मिनिटांत किती अंतर जाते ही कूपर चाचणी मोजपट्टी आणि घड्याळ असले की होते. कौशल्याचेही तेच. ‘गिटार शिकणे’ नको, ‘तीन गाणी न थांबता’ हवे. चौथ्या विभागाची, म्हणजे साहसी प्रवासाची, तयारी बहुतेक केंद्रे मन लावून करून घेतात, त्यामुळे तिथे आमची तक्रार फक्त पाठीवरच्या ओझ्याबद्दल आहे: शरीराच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नको, आणि पिशवी भरून झाल्यावर ती काट्यावर ठेवून बघा, अंदाजाने नको.

आता नोंदी. मुलाने केलेले काम पुरस्कारापर्यंत पोहोचत नाही त्याचे सर्वांत सामान्य कारण आळस नसून वही आहे. नोंद त्याच दिवशी, दोन ओळींची: काय केले, काय अडले. ‘आज खूप शिकायला मिळाले’ ही नोंद नव्हे. मूल्यमापक, म्हणजे शेवटी अहवाल लिहून सही देणारा, घरातला नसावा, काम पाहणारा असावा, आणि त्याला हे पहिल्या आठवड्यात सांगितलेले असावे. तेरा आठवडे संपल्यावर संस्थेच्या कार्यालयात जाऊन ‘सही द्या’ म्हणणे म्हणजे वरातीमागून घोडे. तोवर ज्यांनी काम पाहिले ते बदलून गेलेले असतात आणि जे आहेत त्यांना मुलाचा चेहराही आठवत नाही.

तुमच्याकडून चार गोष्टी हव्यात. जवळच्या पाच-सहा संस्थांना वर्षातून एकदा विचारा की आठवड्याला एक तास येणाऱ्या किशोरवयीन मुलाकडून तुम्हाला काय करून हवे आहे, आणि उत्तर क्रियापदात लिहून घ्या: पाणी घालणे, चिकटवणे, ऐकून तपासणे. ‘मदत’ हा शब्द आला की पुन्हा विचारा. बऱ्याच संस्था सुरुवातीला ‘सध्या काही नको’ म्हणतात, कारण यापूर्वी चाळीस मुले एका दिवसासाठी आली होती आणि त्यांना सांभाळण्यातच कर्मचाऱ्यांचा दिवस गेला होता. दोन मुले, तीन महिने, ठरलेला वार असे सांगितले की उत्तर बदलते.

दुसरे, उपक्रम मंजूर करण्याआधी मुलाला एकदा तिथे जाऊन येऊ द्या. न पटलेले काम पहिल्या आठवड्यात सोडता येते. सातव्यात सोडले तर संस्थाही दुखावते. तिसरे, चौथ्या आठवड्यात दहा मिनिटे मुलाशी आणि एक फोन संस्थेला. नव्याचे नऊ दिवस तोवर संपलेले असतात आणि गळती तिथेच होते. आजारपण किंवा परीक्षेमुळे आठवडे चुकले तर कालावधी पुढे वाढवा, उरलेले तास एका आठवड्यात कोंबू नका. चौथे, मूल निघून गेल्यावर त्या कामाचे काय हे आधीच ठरवा. दहा रोपांची वही, दुरुस्तीची पेटी, आजींच्या पायऱ्यांचे कागद पुढच्या मुलाच्या हाती देण्यासाठी शेवटचे दोन आठवडे दोघांनी एकत्र काम करावे. म्हणजे पहिल्याच्या अकराव्या आठवड्यात दुसऱ्याची भरती व्हायला हवी. नव्या तुकडीचे वेळापत्रक आखताना तेवढी तारीख आधी वहीत घाला.

कळावे,
आपले,
स्वयंसेवा विभागाचे काही मूल्यमापक